आवडत्या व्यक्तीविषयी लिहायला मुलांना कसे शिकवावे: आधी प्रसंग, मग विशेषण

जानेवारी सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राथमिक शाळांत थोर व्यक्तींवरच्या निबंधांचा आणि भाषणांचा हंगाम सुरू होतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद, २३ जानेवारीला नेताजी सुभाषचंद्र बोस, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज अशा जयंत्या एकामागून एक येतात आणि प्रत्येक वेळी मुलाला दहा-पंधरा ओळी कोणी लिहून द्यायच्या, हा प्रश्न घरात उभा राहतो. मग आई किंवा बाबा मोबाईलवर शोधाशोध करतात, मूल ते वहीत उतरवून घेते, आणि जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे, ‘थोर’, ‘महान’, ‘प्रेरणादायी’ असे करत मजकूर ‘कोटी कोटी प्रणाम’ येथे येऊन थांबतो. त्यातली माहिती बहुधा बरोबर असते. मात्र वर्गातल्या सगळ्या वह्यांवरची नावे झाकली, तर कोणता निबंध कोणत्या मुलाचा हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि माझ्या मते या लेखनाचे अपयश नेमके तेथे आहे.

आवडत्या व्यक्तीविषयीच्या लेखनात दोन माणसे दिसावी लागतात: जिच्याविषयी लिहायचे ती व्यक्ती आणि लिहिणारे मूल. या दोघांना जोडते ती एखादी कृती, जी त्या व्यक्तीने केली आणि जी ऐकून किंवा पाहून मुलाला ‘हे मला जमले असते का?’ असे वाटले. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे. आधी प्रसंग लिहायचा, विशेषण नंतर. हे मार्गदर्शन साधारणपणे दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे आणि ते पालकांना घरी, शिक्षकांना वर्गात किंवा वाचनालयातल्या बालविभागात वापरता येईल. एका निबंधासाठी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच-सहा बैठका लागतात. आदल्या रात्री हे काम होत नाही, हे आधीच मान्य करावे.

कोणत्या वयाकडून किती अपेक्षा ठेवावी

दुसरीतल्या मुलाने एक प्रसंग चार-पाच वाक्यांत सांगितला, तर ते पूर्ण लेखन समजावे. तिसरी-चौथीत दहा-बारा वाक्ये आणि त्यात एक ‘कारण’ यावे. पाचवीत दोन-तीन परिच्छेद, माहितीची थोडी पडताळणी आणि स्वतःचे मत यांची अपेक्षा ठेवता येते. ज्या मुलाचा हात हळू चालतो, त्याचे विचारही हळू चालतात असे मुळीच नाही. अशा मुलाने सांगावे, मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि शेवटचा मजकूर तेवढा त्याने स्वतः उतरवावा.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. इंग्रजी माध्यमात शिकणारी, घरी मराठी बोलणारी मुले मराठी सहज बोलतात, पण देवनागरी लिहिताना जोडाक्षरापाशी अडतात आणि मग जोडाक्षर टाळण्यासाठी विचारच टाळतात. त्यांच्यासाठी पहिल्या तीन बैठका पूर्णपणे तोंडी ठेवाव्यात.

पहिली पायरी: व्यक्ती निवडणे

‘तुझा आदर्श कोण?’ असे विचारले की मुले मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी असे विचारावे: ‘कोणी केलेली कोणती गोष्ट तुला करून बघावीशी वाटते?’ किंवा ‘कोणाचे काय बघून तू थांबून बघत राहिलास?’ या प्रश्नांना उत्तर म्हणून आधी कृती येते आणि तिच्यामागून माणूस येतो.

कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात घरातली आणि नात्यातली माणसे, दुसऱ्यात परिसरात दिसणारी माणसे, तिसऱ्यात ऐकलेली किंवा वाचलेली माणसे. प्रत्येक रकान्यात किमान दोन नावे येईपर्यंत निवड करू देऊ नये. दुसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण रोज दिसणारी माणसे मुलांनी कधी या दृष्टीने पाहिलेली नसतात. लोकलचे मोटरमन, पहाटे कचरा उचलणारे सफाई कर्मचारी, आरोग्याच्या कामासाठी घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातली मासे विकणारी आजी, पावसात वीज दुरुस्त करणारे वायरमन, शाळेच्या बसमधल्या मावशी यांची नावे मोठ्यांनी सुचवायला हरकत नाही. मात्र निवड मुलाची असावी.

तिसऱ्या रकान्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी झाला. ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले आणि ते उभारण्यात पुढाकार घेणारे वि. ल. भावे तेव्हा विशीत होते. मराठी पुस्तके एका जागी जमवावीत हा एका तरुणाचा ध्यास मुलांना सहज कळतो, कारण त्यांनाही काही ना काही जमवण्याचा नाद असतो. नवी मुंबईतल्या मुलांनी विमानतळाच्या नावाच्या निमित्ताने दि. बा. पाटील हे नाव ऐकलेले असतेच. परंतु जासईच्या या नेत्याने शहरासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने लढा दिला, १९८४ च्या आंदोलनात शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, हा भाग त्यांना कोणी सांगितलेला नसतो. ज्या घरात आजी-आजोबांनी तो काळ पाहिलेला आहे, तेथे तर मुलाने पुस्तकाआधी त्यांनाच विचारावे.

मुलाने एखादे कार्टूनमधले पात्र, क्रिकेटपटू किंवा व्हिडिओ करणारी व्यक्ती निवडली, तर लगेच नाही म्हणू नये. काल्पनिक पात्राविषयी लिहिताना ‘हे पात्र खरे नाही, पण त्याची ही गोष्ट मला आवडते’ असे वाक्य सुरुवातीलाच लिहून घ्यावे. एवढ्याने खरे आणि कल्पित यांतला फरक मुलाच्या मनात स्पष्ट होतो. क्रिकेटपटूच्या बाबतीत शतकांची यादी नको, एका सामन्यातला एक क्षण सांग, असे म्हणावे. प्रसिद्ध आहे म्हणून आवडतो आणि अमुक केले म्हणून आवडतो, यांतला भेद मुलाला या एका अटीमुळे आपोआप जाणवतो.

दुसरी पायरी: एकच प्रसंग शोधणे

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि येथे घाई झाली तर पुढचे सगळे पोकळ राहते. थोर माणसाचे आयुष्य मोठे असते, मुलाची वही लहान असते. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे सांगण्याच्या प्रयत्नात एकही गोष्ट नीट सांगितली जात नाही. म्हणून मुलाला सांगावे की संपूर्ण आयुष्यातला एक दिवस किंवा एक वेळ निवड, आणि तेवढीच जवळून बघ.

आनंदीबाईंचेच उदाहरण घेऊ. सर्वसाधारण निबंधात त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि लवकर वारल्या, असे सगळे चार वाक्यांत उरकते. त्यातला एक प्रसंग वेगळा काढावा. १८८३ मध्ये, अमेरिकेला निघण्यापूर्वी, अठराव्या वर्षाच्या आसपास असलेल्या आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे लोकांसमोर उभे राहून आपण परदेशी का जात आहोत हे सांगितले. त्या काळी स्त्रीने समुद्र ओलांडणेच लोकांना मान्य नव्हते आणि त्यांच्यावर टीका होत होती. अशा वेळी गुपचूप निघून न जाता त्यांनी लोकांच्या प्रश्नांना तोंड दिले आणि आपल्या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे हे समजावून सांगितले. चौथीतल्या मुलीला चार जणांसमोर उभे राहून बोलणे किती अवघड असते हे पुरेपूर माहीत असते, त्यामुळे तिला हा प्रसंग स्वतःच्या अनुभवाने कळतो. पदवी १८८६ मध्ये मिळाली हे ती नंतर एका वाक्यात लिहील, तेवढे पुरेसे आहे.

प्रसंग निवडल्यावर मुलाला पाच गोष्टी विचाराव्यात. हे कोठे आणि केव्हा घडले? त्यात अवघड काय होते? त्या व्यक्तीने नेमके काय केले, म्हणजे हाताने, पायाने किंवा बोलून? सोबत कोण होते किंवा विरोधात कोण होते? नंतर काय झाले? तिसऱ्या प्रश्नापाशी थांबावे. ‘त्यांनी संघर्ष केला’, ‘त्यांनी समाजसेवा केली’ अशी उत्तरे आली की शांतपणे विचारावे, ‘म्हणजे काय केले?’ मूल डोळ्यांसमोर आणता येईल असे काहीतरी सांगेपर्यंत हा प्रश्न विचारत राहावा. सावित्रीबाईंविषयी ‘खूप त्रास सहन केला’ असे लिहिणाऱ्या मुलाला याच प्रश्नातून शेणमाती अंगावर यायची म्हणून सोबत बाळगलेल्या दुसऱ्या साडीपर्यंत नेता येते, आणि एकदा ती साडी मुलाच्या मनात आली की ‘त्रास’ हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही.

प्रसंग भव्य असण्याचीही गरज नाही. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली लहान असताना त्यांना एक चिमणी सापडली. ती त्यांनी स्वतःच छऱ्याच्या बंदुकीने मारली होती. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून हा कोणता पक्षी आहे हे घरी कोणाला सांगता येईना, तेव्हा ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत जाऊन विचारून आले, आणि तेथून पक्ष्यांच्या अभ्यासाची आवड सुरू झाली. या गोष्टीत ना युद्ध आहे ना पदक. एका मुलाने जे कळले नाही ते विचारायला अनोळखी ठिकाणी जाण्याचे धाडस केले, एवढेच आहे. हिवाळ्यानंतर ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहिलेल्या ऐरोली किंवा कोपरीच्या मुलाला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. पक्षी मारला हे लपवू नये. मुले त्यावर प्रश्न विचारतात आणि आवडत्या माणसाच्या सगळ्याच गोष्टी आपल्याला आवडाव्या लागत नाहीत, हे सांगण्याची ती चांगली संधी असते.

बालविवाह, बाळाचा मृत्यू, फाशी, गोळीबार असे विषय अनेक थोर व्यक्तींच्या चरित्रात येतात. ते खोटे गोड करून सांगू नयेत, पण लहान मुलांच्या बाबतीत तपशीलही देऊ नयेत. ‘त्यात काही माणसांचे प्राण गेले’ एवढे वाक्य सात वर्षांच्या मुलाला पुरते. पुढचे त्याने विचारले तरच बोलावे.

तिसरी पायरी: माहिती जमवणे आणि तपासणे

माहितीसाठी तीन रंगांच्या चिठ्ठ्या कराव्यात. एका रंगाच्या चिठ्ठीवर ‘मला माहीत होते’, दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर ‘मी वाचले किंवा विचारले’, तिसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर ‘अजून नक्की कळले नाही’ असे लिहावे आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहू द्यावी. लहान मुलांना चिठ्ठ्या हलवायला आवडते आणि तिसऱ्या रंगाची चिठ्ठी दुसऱ्या ढिगात नेणे हा त्यांना खेळच वाटतो. वर्ष, ठिकाण आणि नाव या तीन गोष्टी दोन ठिकाणी सारख्या आढळल्या तरच लिहायच्या, हा नियम तिसरीपासून घालून द्यावा. शालेय पाठ्यपुस्तक, वाचनालयातले एखादे बालचरित्र आणि घरातले मोठे माणूस एवढी साधने बहुतेक वेळा पुरेशी होतात. चौथीच्या मुलांना शिवाजी महाराजांविषयी लिहायचे असेल, तर त्यांचे ‘शिवछत्रपती’ हे पाठ्यपुस्तक हाताशी असतेच.

मोबाईलवर फिरणाऱ्या सुविचारांविषयी मात्र कडक राहावे. अब्दुल कलाम किंवा विवेकानंद यांच्या नावावर असंख्य वाक्ये फिरतात आणि त्यांतली कोणती खरोखर त्यांची आहेत हे पालकांनाही सांगता येत नाही. मुलाला अवतरण हवेच असेल, तर ते छापील पुस्तकात सापडलेले असावे. नसेल, तर अवतरणाशिवाय निबंध उत्तम होतो.

शक्य असेल तेव्हा मुलाला एखाद्या ठिकाणी न्यावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, ऐरोलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक किंवा ऐरोलीचेच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ही अर्ध्या दिवसात पाहून होणारी ठिकाणे आहेत. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन येथे मुले नाटक पाहायला जातात, पण हे भावे कोण आणि गडकरी कोण हे क्वचितच विचारतात. रोज कानावर पडणाऱ्या नावामागचा माणूस शोधणे हा लेखनाचा चांगला विषय होतो. जाताना वही न्यावी आणि तेथे दिसलेल्या फक्त तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. फलकावरचा मजकूर उतरवून घेण्यात सगळा वेळ घालवू देऊ नये.

व्यक्ती परिसरातली असेल, तर मुलाखत घ्यावी लागते. त्यासाठी आधी परवानगी विचारायला मुलाला शिकवावे: ‘काका, तुम्हाला वेळ असेल तर तुमच्या कामाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारू का?’ काम चालू असताना अडवू नये, फोटो काढू नये आणि निबंधात पूर्ण नाव किंवा घराचा पत्ता लिहू नये. ‘तुम्हाला हे काम आवडते का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘आज सकाळी कामावर आल्यावर सर्वांत आधी काय केलेत?’ किंवा ‘पावसाळ्यात कोणते काम अवघड जाते?’ असे विचारले की माणसे मोकळेपणाने बोलू लागतात. मोठ्यांनी शेजारी उभे राहावे, पण मध्ये बोलू नये.

चौथी पायरी: लिहिण्यापूर्वी सांगणे

आता वही बाजूला ठेवून मुलाने तो प्रसंग दोन मिनिटांत तोंडी सांगावा. ऐकणाऱ्याने फक्त ‘मग?’ आणि ‘तेव्हा तुला काय वाटले?’ एवढेच बोलावे. सांगणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून मुलाला ऐकवले, तर कोठे गोष्ट तुटली आणि कोठे तेच तेच आले हे त्याचे त्यालाच समजते. जेथे मुलाचा आवाज वाढतो किंवा ते हातवारे करू लागते, ती जागा ऐकणाऱ्याने मनात टिपून ठेवावी. निबंधाची सुरुवात बहुधा तेथून करायची असते.

सांगताना मुलाची घरची बोली अडवू नये. आपल्या दोन्ही शहरांत आगरी, कोळी, मालवणी, अहिराणी अशा अनेक बोली बोलणारी घरे आहेत. आजीविषयी सांगताना मूल आगरीत बोलू लागले, तर तिची गोष्ट अधिक नेमकी येते, कारण तिचे शब्दच मुलाच्या कानात बसलेले असतात. निवेदन प्रमाण मराठीत लिहून आजीचे बोलणे तिच्याच बोलीत अवतरण चिन्हांत ठेवावे. हे अशुद्ध नाही. ‘प्रमाण भाषेत कर’ म्हणून आजीच्या तोंडी पाठ्यपुस्तकातली वाक्ये घातली, तर आजीच निबंधातून निघून जाते.

पाचवी पायरी: पहिला खर्डा

लिहायला बसण्यापूर्वी फळ्यावर किंवा कागदावर ‘राखीव शब्द’ अशी यादी करावी: थोर, महान, शूर, प्रेमळ, मेहनती, आदर्श, प्रेरणादायी, खूप. हे शब्द वाईट नाहीत, परंतु पहिल्या खर्ड्यात ते वापरायचे नाहीत. संपूर्ण प्रसंग लिहून झाल्यावर यांतला एकच शब्द मुलाने निवडावा आणि तो कोणत्या वाक्यामुळे शोभतो ते बोटाने दाखवावे. दाखवता आले नाही, तर शब्द पुन्हा यादीत जातो. मुलांना हा नियम आवडतो आणि मोठ्यांना तो कठीण जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

फरक किती पडतो ते पाहू. नेहमीचा मजकूर असा असतो: ‘डॉ. अब्दुल कलाम हे खूप महान शास्त्रज्ञ होते. ते लहानपणापासून खूप मेहनती होते. त्यांनी खूप कष्ट केले.’ राखीव शब्द काढून आणि प्रसंग धरून तोच विषय असा होतो: ‘अब्दुल कलाम लहान असताना रामेश्वरमला राहत होते. तेव्हा महायुद्ध चालू होते, म्हणून गाडी त्यांच्या स्टेशनवर थांबत नव्हती. वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकत असत. ते गोळा करायला कलाम आपल्या नात्यातल्या भावाला मदत करायचे. ती त्यांची पहिली कमाई होती.’ दुसऱ्या मजकुरात ‘कष्ट’ हा शब्द कोठेही नाही.

सुरुवात जन्मतारखेने करू नये, असा आग्रह धरावा. सुरुवात प्रसंगाच्या मध्यातून करावी आणि व्यक्तीची ओळख दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात द्यावी. जन्मवर्ष तेव्हाच लिहावे, जेव्हा त्यामुळे काही उलगडते. १८८३ मध्ये आनंदीबाई अठरा वर्षांच्या होत्या हे कळण्यासाठी १८६५ उपयोगी पडते. एरवी ते वर्ष नसले तरी चालते.

परिसरातल्या व्यक्तीविषयी चौथीतले मूल कसे लिहू शकेल, याचा एक नमुना येथे देतो.

‘जुलैमध्ये रात्री जोराचा पाऊस पडत होता आणि आमची लाइट गेली. आजोबांना वाफ घ्यायची होती, पण मशीन चालत नव्हते. मी खिडकीतून बघितले. दोन वायरमन काका रेनकोट घालून डीपीजवळ उभे होते. एक काका आत काम करत होते आणि दुसरे काका त्यांच्या हातावर बॅटरीचा उजेड धरून उभे होते. पावसाच्या आवाजामुळे ते ओरडून बोलत होते. लाइट आल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे ओरडले. तोपर्यंत काका पुढच्या गल्लीत गेले होते. मला अंधाराची भीती वाटते. त्यांना वाटते का, हे मला त्यांना विचारायचे आहे.’

या मजकुरात ‘धाडसी’ हा शब्द घालावासा वाटेल, पण घालू नये. उजेड धरून उभे राहिलेल्या दुसऱ्या काकांकडे मुलाचे लक्ष गेले, हेच या लेखनाचे बळ आहे आणि त्याबद्दल मुलाला तेवढ्याच नेमकेपणाने शाबासकी द्यावी. ‘छान लिहिलेस’ म्हणण्यापेक्षा ‘बॅटरी धरणाऱ्या काकांचे वाक्य वाचून मला ती रात्र दिसली’ असे म्हटले की मूल पुढच्या वेळी पुन्हा नीट बघते.

सहावी पायरी: ‘मी’ कोठे येतो

प्रसंग लिहून झाल्यावर मुलाने स्वतःविषयी दोन-तीन वाक्ये लिहावीत. ‘मी मोठा होऊन त्यांच्यासारखा होईन’ हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की लिहिताना मूल त्यावर विचारच करत नाही, म्हणून तेही राखीव यादीत टाकावे. त्याऐवजी तीन वाटा द्याव्यात आणि मुलाने एक निवडावी. पहिली वाट स्वतःच्या अनुभवाची आहे: ‘मला हे आवडले, कारण मलाही एकदा...’ दुसरी प्रश्नाची आहे: ‘मला त्यांना विचारावेसे वाटते की...’ तिसरी कृतीची आहे आणि ती या आठवड्यात करता येईल इतकी लहान असावी: ‘उद्या वर्गात न कळलेले मी बाईंना विचारणार आहे.’

पाचवीच्या मुलांना आणखी एक पाऊल पुढे नेता येते. एखाद्या व्यक्तीचा एक गुण आवडला आणि एक गोष्ट पटली नाही, असे लिहायची मोकळीक त्यांना द्यावी. आदराने मतभेद मांडणे हे मुलांना जितक्या लवकर जमेल तितके चांगले, आणि सालिम अलींच्या चिमणीसारखा प्रसंग त्यासाठी सोयीचा असतो.

सातवी पायरी: सुधारणा

एका बैठकीत एकच गोष्ट सुधारावी. आधी मुलाने मजकूर मोठ्याने वाचावा आणि अडखळेल तेथे खूण करावी. नंतर प्रसंग क्रमाने आला आहे का ते पाहावे. शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासावे आणि त्यातही एका वेळी दोनच प्रकारच्या चुका घ्याव्यात, उदाहरणार्थ शब्दाच्या शेवटची दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार. लाल शाईने भरलेली वही पाहून मुले पुढच्या वेळी सोपे शब्द आणि तोकडी वाक्ये लिहितात.

या विषयात एक व्याकरणाची चूक मात्र हमखास होते आणि ती समजावून सांगावीच लागते. आदरणीय व्यक्तीसाठी क्रियापद अनेकवचनी येते: ‘सावित्रीबाई शाळेत गेल्या’, ‘बाबासाहेब म्हणाले’. मुले एका वाक्यात ‘गेल्या’ आणि पुढच्यात ‘गेली’ लिहितात. यासाठी सर्व क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारून ती एकसारखी आहेत का हे मुलालाच तपासू द्यावे. आईविषयी लिहिताना ‘ती’ आणि बाबांविषयी ‘ते’ असे घरात बोलले जात असेल, तर तसेच राहू द्यावे. आईला ‘त्या’ करून निबंधात परके करण्याचे कारण नाही.

मोठ्यांनी स्वतःची वाक्ये घालण्याचा मोह या टप्प्यावर सर्वाधिक होतो. प्रश्न विचारून मुलाकडून वाक्य काढता येते, तोवर काढावे. नाहीच निघाले, तर ती जागा तशीच सोडावी.

शाळेला ठरावीक साच्यातला निबंध हवा असेल तर

बऱ्याच शाळांत ‘दहा ओळी लिहा’ किंवा ‘जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू’ असा साचा दिलेला असतो आणि गुणही त्याप्रमाणे असतात. शिक्षकांशी वाद घालण्यापेक्षा त्या साच्यातच प्रसंगाला जागा करावी. जन्म आणि शिक्षण एका ओळीत, कार्य दोन ओळींत, मृत्यू एका ओळीत आणि उरलेल्या सहा ओळी निवडलेल्या प्रसंगाला आणि मुलाच्या ‘मी’ला द्याव्यात. साच्यात विचारलेली सगळी माहिती त्यात असते, त्यामुळे गुण जात नाहीत. भाषण करायचे असेल, तर हाच मजकूर पाठ करून घेऊ नये. प्रसंगाच्या चार चिठ्ठ्या मुलाच्या हातात द्याव्यात आणि चौथ्या पायरीत सांगितला तसा तो सांगू द्यावा. विसरले तरी चिठ्ठी पाहून पुढचे आठवते. परीक्षेत वेळ कमी असतो, म्हणून वर्षभरात लिहिलेल्या तीन-चार व्यक्तींचे प्रसंग एका जुन्या वहीत ठेवावेत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाने ते वाचून काढण्यापेक्षा कोणाला तरी पुन्हा एकदा सांगावेत.